वाकळीच्या रंगाचा नीलम

सांगलीच्या सराफ कट्ट्यावर माणसं पर्स घेऊन येतात, पिशवी घेऊन येतात, अलीकडं तर नुसता मोबाईल हलवत येतात. सुभेदार नाथाजी होल्डॉल घेऊन आले. फौजेतला, जाड कॅनव्हासचा, दोन पट्ट्यांनी आवळलेला. तो खांद्यावर टाकून ते पोतदारांच्या पेढीच्या पायऱ्या चढले, तेव्हा दारावरच्या बंदूकवाल्यानं आधी होल्डॉलकडं बघितलं, मग मिशांकडं, आणि काही कारण नसताना तो ताठ उभा राहिला.

“कुठली पलटण, साहेब?”

“मराठा. सुभेदार म्हणून पेन्शनीत आलो.”

“आमी बी मराठाच. नायक.” ओळख पटली, पण ड्यूटी ती ड्यूटी. “आत काय हाय?”

“वाकळ.”

बंदूकवाल्यानं पट्टा सैल करून कोपरापर्यंत हात आत घातला, चाचपला, बाहेर काढला आणि दार उघडून आत वर्दी दिली, “वाकळच हाय, शेठ.”

नाथाजींच्या मागं दोघी होत्या. एक त्यांची मुलगी सृष्टी. पुण्यात नोकरीला, महिन्याभरात साखरपुडा. ती या क्षणी समोरच्या दुकानातल्या चांदीच्या समया फार लक्षपूर्वक बघत होती, म्हणजे होल्डॉलवाला माणूस आपल्याबरोबर नाही असं कुणाला वाटलंच तर वाटावं. दुसरी मालन, नाथाजींच्या वारलेल्या बायकोची धाकटी बहीण. तिला वाटेत माधवनगरातून उचललं होतं. मावशीची नजर पडल्याशिवाय त्यांच्या घरात चमचासुद्धा घेतला जात नाही, मग ही तर साखरपुड्याची अंगठी.

अंगठीची कथा अशी होती की नवरा मुलगा विश्वजित, कुपवाडला ज्यांची फाउंड्री आहे त्यांचा, हिऱ्याची अंगठी द्यायला एका पायावर तयार होता. सृष्टीनंच नको म्हटलं. तिला नीलम हवा होता. शनीचा खडा साखरपुड्याला म्हटल्यावर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी पंचांग काढलं. पण सृष्टीनं कारण सांगितलं आणि पंचांग मिटलं. तिला आईचं काहीतरी बोटात हवं होतं.

आईचं, म्हणजे शालनचं, काही उरलं नव्हतं. शालन गेली तेव्हा सृष्टी अकरा वर्षांची होती, आणि शालनचं सोनं तिच्या आधीच, आजारपणात, एकेक करून निघून गेलं होतं. उरला तो रंग. निळा. तो सृष्टीनं कधी पाहिला नव्हता, पण इतक्या वेळा ऐकला होता की डोळे मिटले तरी दिसावा.

घरात त्याला ‘फलाटाची गोष्ट’ म्हणत. लग्न झाल्यावर पहिल्यांदा पलटणीत परतताना नाथाजींनी शालनला विचारलं होतं, काय आणू? ती म्हणाली, निळं पातळ. पुढच्या सुट्टीत नाथाजींनी अंबाल्याच्या बाजारातून निळं पातळ आणलं. सुट्टी संपली, तेव्हा शालन ते नेसून त्यांना पोचवायला सातारा स्टेशनात आली. गाडी हलली. बाकीच्यांच्या बायका डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या. शालन मात्र गाडीबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत चालत आली आणि तिथं थांबली. पुढं वळण. वळणापर्यंत ते निळं दिसत राहिलं.

एवढीच गोष्ट. पण नाथाजींनी ती बर्फात सांगितली, वाळवंटात सांगितली, मेसमध्ये सांगितली आणि शालन गेल्यावर दर पितरांना, पंगतीत, खीर वाढेपर्यंत सांगितली. दर वर्षी निळा जरा चढत गेला. आधी तो नुसता निळा होता, मग गडद निळा झाला, आणि नाथाजी पेन्शनीत आले तोवर मोराच्या पिसातल्या डोळ्यापर्यंत पोचला होता. ऐकणाऱ्यांपैकी कुणी हरकत घेतली नाही. सुभेदार रँकच्या माणसाला रंगाबद्दल उलटं विचारायची आपल्याकडं पद्धत नाही.

फोटो बघावेत तर त्या काळच्या रंगीत फोटोंचं निळ्याशी काय वाकडं होतं कोण जाणे. अल्बममधलं सगळं वऱ्हाड नारिंगी पडलेलं. घोडाही नारिंगी, बँडवालेही नारिंगी. शालन तर सबंध लग्नभर हळदीतून बाहेर आलीच नसावी अशी दिसते.

राहिली वाकळ. सृष्टीच्या वेळी दिवस गेले, तेव्हा शालननं घरातली जुनी लुगडी, धोतरं, एक फौजी चादर असं एकावर एक अंथरून वाकळ शिवायला घेतली. बोटभर अंतरानं धावदोऱ्याच्या ओळी, बाळंतपणापर्यंत पुरल्या. आणि वरच्या बाजूला मधोमध तिनं ते अंबाल्याचं पातळ लावलं. सृष्टी तीच वाकळ घेऊन वाढली. दहावीला, होस्टेलला, पुण्याच्या फ्लॅटवरही तीच होती. आता रंग जुळवायचा, तर वाकळ न्यायला हवी. फोटो काढून मोबाईलवर दाखवू, असं सृष्टी म्हणाली होती. “मोबाईलमधी रंग खोटा येतो,” नाथाजी म्हणाले, आणि होल्डॉल माळ्यावरून खाली आला.

पोतदारांची पेढी जुन्या पद्धतीची. शुभ्र गादी, लोड, खिडकीशी बसलेले पोतदार. नाथाजींनी नीलम म्हटल्यावर त्यांनी पाणी मागवलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

“साडेसाती कुणाला आहे?”

“कुणालाच न्हाई,” मालन म्हणाली.

“मग नीलम कुणी सांगितला?”

“कुणी न्हाई. पोरीला रंग पायजे.”

पोतदारांनी चष्मा काढला. आयुष्यात त्यांनी नीलम घेणारी माणसं दोनच तऱ्हेची पाहिली होती. शनीनं धरलेली आणि शनी धरेल म्हणून घाबरलेली. रंग आवडला म्हणून नीलम मागणारं गिऱ्हाईक म्हणजे रंग आवडला म्हणून इंजेक्शन मागावं तसं. पण चार पिढ्यांचा धंदा होता, चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

“कुठला रंग?”

नाथाजींनी होल्डॉल सोडला आणि गादीवर वाकळ पसरली. शेजारी मंगळसूत्र बघत बसलेलं जत भागातलं एक कुटुंब आपोआप सरकून बसलं, त्यातल्या म्हातारीनं सवयीनं वाकळीचा कोपरा नीट केला, आणि क्षणभर पेढीचं घर झालं.

“हा,” नाथाजी मधल्या पट्टीवर तळवा ठेवून म्हणाले.

पोतदारांनी कागदाच्या पुड्या काढल्या. एकेक उलगडून खिडकीच्या उजेडात, वाकळीवरच खडे ठेवत गेले. सिलोनचा, बँकॉकचा, रात्रीसारखा गडद, दौतीसारखा काळपट. वाकळीवर ते असे बसले की जणू शालनच्या टाक्यांमध्ये थेंब पडलेत. नाथाजी वाकून बघत. परेडला बटणं तपासावीत तसं.

“हा न्हवं. … हा बी न्हवं. ह्यो काळा पडतोय.”

“पट्टीशी जुळवायचं तर हा घ्या,” पोतदारांनी बाजूच्या पुडीतून एक फिका खडा काढला. पावसाळ्यानंतर आभाळ निवळतं तसला, पाण्यातून बघितल्यासारखा. तो पट्टीवर ठेवला तर दिसेचना. जुळला म्हणजे इतका जुळला.

“आवं, पण ही पट्टी विटल्याली हाय,” नाथाजी म्हणाले. “तीस वर्सं धुतलीय. पातळ नवं व्हतं तवा गडद व्हतं. मला तवाचा पायजे.”

“किती गडद?”

इथं नाथाजी अडले. त्यांनी हातानं काहीतरी दाखवायचा प्रयत्न केला. रंग हातानं दाखवता येत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, तोवर हात हवेत गेला होता. मोराच्या पिसाचं सांगावं, तर ते पंगतीत ठीक असतं, सराफासमोर नाही. एवढी वर्षं सांगितलेला रंग, आणि आज खरोखर विकत घ्यायचा म्हटल्यावर तो डोळ्यांसमोर नीट उभाच राहीना. आपण पोरीला चुकीचा रंग घालून देणार, या विचारानं सुभेदारांच्या कपाळाला पंख्याखाली घाम आला.

“पप्पा, राहू दे. कुठलाही चालेल,” सृष्टी हळूच म्हणाली.

“कुठलाही कसा चालंल?”

मालन खडे निघाल्यापासून लोडाला टेकून गप्प होती. मालन गप्प असणं ही घरात नोंद घ्यायची गोष्ट होती. आता ती पुढं सरकली.

“दाजी, शिवण उसवून बघा. कड आत दुमडलेली असती. तिथं ना ऊन लागतं ना हात. आतला रंग जसाच्या तसा ऱ्हातो.”

“आईचे टाके आहेत ते, मावशी,” सृष्टी म्हणाली.

“चार टाकं गं. सगळी न्हाई उसवत.” मग नाथाजींकडं बघून, “न्हाईतर फिका घ्या आन् चला घरला. मी काय जबरदस्ती करत न्हाई.”

तिच्या आवाजात काहीतरी होतं, पण नाथाजींचं तिकडं लक्ष नव्हतं. “उसव,” ते म्हणाले.

पोतदारांनी बारीक चिमटा दिला. मालननं चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक टाका उचलला. दोरा कुजला होता, ओढताच तुटत होता. जतची म्हातारी मान पुढं काढून बघत होती. कड सुटली. मालननं नखानं दुमड उलगडली.

जांभळा.

निळा नाही, निळसर नाही, निळ्याच्या जवळपासही नाही. पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर पोरांच्या जिभेवर राहतो तो, लालीकडं झुकलेला, ठार जांभळा. कालच दुकानातून आणल्यासारखा.

 पहिले बोलले ते पोतदार, धंदा म्हणून. “जांभळाच हवा असेल तर अ‍ॅमेथिस्ट दाखवतो. पुष्कळ स्वस्तात बसेल.”

“हे दुसरं फडकं असंल,” नाथाजी म्हणाले. “खालचं.”

“दुसरं कुठलं?” मालन म्हणाली. “काठ बघा की. अंबाल्याचा.”

नाथाजींनी काठ बघितला. बारीक जरीची रेघ, तिच्यावर आंब्याची नक्षी. तोच. बाजारात दिवे लागल्यावर घेतलं होतं. पिवळ्या बल्बखाली दुकानदार म्हणाला, नीला है साहब, आणि साहेबांनी मान हलवली होती.

“तुला म्हाईत व्हतं,” ते मालनला म्हणाले.

“व्हय.”

“मग एवढी वर्सं बोलली का न्हाईस?”

“कवा बोलायचं? तुमी गोष्ट सांगायचा पितरांना. पानावर बसल्याल्या माणसाला काय सांगू, दाजी, रंग चुकला म्हणून?” मालन आता थांबेना. “आज मातूर पोरीच्या बोटात जाणार म्हणल्यावर मला ऱ्हावंना. तुमी पातळ आणलं त्या दिशी मी तुमच्याकडंच व्हते. तुमी रानात गेला आन् ताईनं ते दारात उजेडाला धरलं. म्हणली, मालन, हे बघ ह्यांचं निळं. लय हसलो दोघी.”

“हसला?”

“मग काय रडायचं? आमचा बा मिलमधी रंगखात्यात. आमाला कापडातलं कळतं की. ताईनं थुंकी लावून कोपरा चोळला, तर बोटाला लाली आली. म्हणली, कच्चा हाय. ह्यातली लाली जाईल, निळाई ऱ्हाईल. मी म्हणलं, कशाला एवढी कड घेतीस, बदलून आणाय सांग. तर म्हणली…” मालननं पदरानं नाक पुसलं. “म्हणली, अंबाल्यास्नं आणलंय गं. पुन्यांदा अंबाल्याला धाडू व्हय त्यास्नी? आत्ताच तर आल्यात.”

जतच्या म्हातारीनं कानडीत सुनेला काहीतरी सांगितलं. सुनेनं होकारार्थी मान हलवली.

नाथाजी वाकळीकडं बघत राहिले. हिशेब सरळ होता. पातळ सणावारालाच नेसलं, लाली तशीच राहिली. मग वाकळीत गेलं, वाकळ दर दिवाळीला धुतली, उन्हात वाळवली, वरची लाली गेली, दुमडीतली राहिली. ते सुट्टीवर येत, तीच पांघरून झोपत. निळा त्यांनी वाकळीवरून घेतला आणि फलाटावर नेऊन ठेवला. ती तिथं उभी होती जांभळ्या पातळात, लख्ख दुपारी, हातभर अंतरावरून सुरू होऊन वळणापर्यंत, आणि त्यांना पत्ता नाही.

“पन मी म्हणते, दाजी,” मालननं शेवटी ठेवणीतला प्रश्न काढलाच, “बल्बाखाली चुकलं, समजू शकते. फलाटावर तर ऊन व्हतं. तिथं काय बघत व्हता तुमी?”

नाथाजींनी वाकळीची सुटलेली कड बोटानं सरळ केली.

“तोंड,” ते म्हणाले.

मालननं कपाळावरचा चष्मा पुन्हा नाकावर घेतला. 

पोतदार पुड्या उगाच सारख्या करू लागले. सृष्टी खाली बघत होती. नाथाजींनी घसा खाकरला आणि रिपोर्ट द्यावा तशा आवाजात मुलीला म्हणाले, “बाळा, माझी साक्ष फेल गेली. तुला सांगितलं ते सगळं चुकीचं. ती जांभळ्यात व्हती. तर आता जांभळा घेऊ. खरं हाय ते घालावं माणसानं. शेठ, काढा तुमचं ते… काय म्हणला?”

“अ‍ॅमेथिस्ट.”

“ते.”

“काढू नका,” सृष्टी म्हणाली.

ती गादीवर पुढं सरकली आणि वाकळीच्या पट्टीवर बोट फिरवू लागली. पट्टीवर तो फिका खडा मघापासून तसाच पडला होता, चाचपल्याशिवाय सापडेना.

“पप्पा, ते पातळ मी बघितलंच नाही. जांभळं नाही आणि तुमचं मोरपंखीही नाही. आई मला इतकीच माहितीय.” तिनं पट्टीवर थोपटलं. “ताप आला की ही अंगावर टाकून कडेला बसायची. मी टाके मोजायचे. ती म्हणायची, मोजू नको, झोप.” खडा सापडला. तिनं तो चिमटीत उचलून करंगळीशेजारच्या बोटावर ठेवला. “हा.”

“फिका आहे,” पोतदार प्रामाणिकपणे म्हणाले. “लोक विचारतील, पाणी घातलंय का म्हणून. भारी माल आहे माझ्याकडं.”

“विचारू देत. खरंच पाणी घातलंय.”

मालन हसली. हसता हसता तिला पदर डोळ्याला लावावा लागला. नाथाजी खड्याकडं बघत होते. त्यांचं अजून समाधान होत नव्हतं. फौजेत माणसाला एक शिकवतात, चुकलेला रिपोर्ट दुरुस्त करून पाठवायचा. इथं मुलगी चुकलेलाच मंजूर करून घेत होती.

“पण तिला काय वाटंल?” ते मालनला म्हणाले. अगदी खालच्या आवाजात, म्हणजे फक्त पेढीपुरतं.

“तिला काय वाटायचंय? तिला निळंच पायजे व्हतं की, दाजी. तुमी जांभळं आणलंत. तिनं धुऊन धुऊन निळं करून घेतलं. आता तेच पोरीच्या बोटात जातंय, तर तुमाला काय तरास हाय?”

 सुभेदारांनी पोतदारांकडं बघून मान हलवली. अंबाल्याच्या दुकानात हलवली होती त्याहून जरा सावकाश, आणि या खेपेला मान हलवायच्या आधी खडा हातात घेऊन, खिडकीशी जाऊन, उजेडात धरून.

पोतदारांनी बोटाचं माप घेतलं. कोंदण कसलं, कडा किती जाड, यावर मालनची आणि त्यांची झटापट झाली, तीत पोतदार हरले. मग त्यांना कर्तव्य आठवलं.

“रंगासाठी घेताय ते ठीक. तरी नीलम आहे. तीन रात्री उशाखाली ठेवून बघा, मगच घडवायला घेऊ. मानवला नाही तर परत. आमच्याकडं रिवाज आहे. वाईट स्वप्न पडलं, कुणाचं दुखलंखुपलं…”

“शेठ,” सृष्टी म्हणाली, “जन्मापासून अंगावर घेऊन झोपतेय. मानवलाय.”

पोतदारांनी विचार केला. चार पिढ्यांत असा दाखला नव्हता, पण खोटा म्हणता येईल असाही नव्हता. त्यांनी खडा पुडीत बांधला आणि पुडीवर सृष्टीचं नाव घातलं.

जायची वेळ झाली. वाकळ उघड्या कडेनं होल्डॉलमध्ये घालणं नाथाजींना पसंत पडेना. “सुई-दोरा हाय?”

सराफाकडं सुई-दोरा असतोच. मंगळसूत्र ओवायचा काळा रेशमी दोरा आणि केसासारखी बारीक सुई. मालननं हात पुढं केला, पण नाथाजींनी सुई स्वतःकडं घेतली. पलटणीत बटणं स्वतः लावायची असतात. मांडी घालून ते गादीवर बसले, दोरा दोनदा चुकून तिसऱ्यांदा ओवला, दुमड अंगठ्यानं दाबली आणि टाका घातला. मग दुसरा. शालनचे टाके तांदळासारखे, यांचे पेरभर.

“लांब पडाय लागल्यात, दाजी.”

“पडू द्यात.”

“आन् तितं बघा, जांभळं बाहीर दिसाय लागलंय. आत ढकला की.”

“ऱ्हाऊ दे तेवढं,” नाथाजी म्हणाले, आणि त्याच्या पुढं टाका घेतला.